विचारा की! : घोगऱ्या आवाजाची डोरेमॉनवाली बाई

मंडळी, मागच्या अंकात मी जाता जाता एक ओळ लिहिली होती, की डोरेमॉन या कार्टूनमधल्या निळ्या रोबोट-मांजराचा जपानमधला जुना आवाज म्हणजे नोबुयो ओयामा नावाच्या बाई होत्या आणि त्या सप्टेंबर २०२४ मध्ये ९० व्या वर्षी गेल्या. बस, एवढंच. त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सॅप आलेत की यावेळचं सदर पूर्ण त्यांच्याच नावे. केसगळती आणि सोसायटीच्या पार्किंगवाल्यांनी एक महिना थांबा, तुमची पत्रं जपून ठेवलीत.

ताई, डोरेमॉनचा आवाज बाईचा होता?? आम्ही लहानपणी रोज शाळेतून आलो की तेच बघायचो, कधी डोक्यातच आलं नाही. (एक वाचक, इचलकरंजी)

अहो पण तुम्ही जो ऐकलात तो ओयामाबाईंचा नव्हताच. तुम्ही हंगामा चॅनलवर हिंदी डोरेमॉन बघितला असणार, आणि तो हिंदी आवाज सोनल कौशल यांचा, म्हणजे तिथेही बाईच, आणि त्यांनी ते काम सुरू केलं तेव्हा त्या स्वतः शाळकरी वयाच्या होत्या. म्हणजे तुमची दोन्हीकडून फसवणूक झाली म्हणा ना.

गंमत बघा, आपल्याकडे डोरेमॉन आला २००५ च्या सुमाराला आणि तिकडे टोकियोत ओयामाबाईंनी ते काम सोडलं तेही २००५ च्या मार्चमध्येच. त्या जपानी टीव्हीवर १९७९ च्या एप्रिलपासून डोरेमॉन बोलत होत्या, म्हणजे सव्वीस वर्षं, सतराशेपेक्षा जास्त एपिसोड आणि वर १९८० ते २००४ दरवर्षी एक असे २५ सिनेमे. आपल्या पोरांनी सुरवातीला जे भाग पाहिले ती चित्रं त्यांच्याच काळातली, फक्त आवाज पुसून वर हिंदी चढवलेलं. त्यामुळे आपण त्यांच्या डोरेमॉनला अगदी ओळखतो आणि त्यांना अजिबात ओळखत नाही.

माझी मुलगी आठवीत आहे. आवाज लहानपणापासून घोगरा, जाड. वर्गात मुलं चिडवतात, फोनवर लोक "बाळा, आईला दे रे" म्हणतात. आता ती वर्गात हातच वर करत नाही. तिला डबिंगची आवड आहे पण म्हणते माझा आवाज असला, मला कोण घेणार. तुमची ती ओळ वाचून वाटलं विचारावं. (एक आई, नाशिक)

ताई, खरं सांगू, हे पूर्ण सदर तुमच्या पत्रामुळे लिहितेय, बाकीच्यांची पत्रं नंतर आली.

ओयामाबाई १९३३ साली टोकियोत शिबुया भागात जन्मल्या आणि त्यांचा आवाज पहिल्यापासून असाच, घोगरा. त्यांनीच पुढे लिहिलंय आणि मुलाखतीत सांगितलंय की शाळेत बोलायला तोंड उघडलं की पोरं खिदळायची, मग त्यांनी हळूहळू बोलणंच बंद केलं. तुमच्या लेकीचं चाललंय ना, तंतोतंत तेच. तेव्हा त्यांच्या आईने काय केलं, तर गोंजारलं नाही. त्या म्हणाल्या की एखादी गोष्ट कमजोर आहे म्हणून झाकून ठेवलीस तर ती आणखी कमजोर होते, आवाजाचा त्रास आहे ना, मग आवाजच वापर, रोज वापर. आणि मुलीला शाळेत आवाज वापरायला लागेल असं काहीतरी शोध म्हणाल्या. मुलीने काय शोधलं तर शाळेचा ब्रॉडकास्टिंग क्लब! म्हणजे ज्या आवाजाला वर्गातली चाळीस पोरं हसत होती तो आता लाऊडस्पीकरवरून पूर्ण शाळेला. सुरवातीला सगळे दचकायचे, हा कोण मुलगा बोलतोय म्हणून, मग सवय झाली, मग कोणी हसेना.

मला या गोष्टीत आवडतं ते हे की आईने "तुझा आवाज किती गोड आहे गं" असलं काही सांगितलं नाही. गोड नव्हताच तो. पोरींना खोटं कळतं.

पुढे त्या हाइयुझा या मोठ्या नाटक कंपनीच्या प्रशिक्षण शाळेत गेल्या, म्हणजे आधी रीतसर अभिनय शिकल्या. हे तुमच्या लेकीला मुद्दाम सांगा. डबिंग म्हणजे वेगवेगळे आवाज काढणं असं आपल्याकडे पोरांना वाटतं, मिमिक्री आली की झालं, पण तिकडची ही सगळी जुनी पिढी नाटकातून आलेली. टीव्ही नवा होता, अमेरिकन मालिका आणून जपानीत बोलायला माणसं हवी होती आणि सिनेमावाले नट असल्या कामाला यायचे नाहीत, मग बोलावलं कोणाला, तर नाटकवाल्यांना, ज्यांना पैशाची गरज होती. १९५७ मध्ये ओयामाबाईंनी लॅसी नावाच्या कुत्रीची जी अमेरिकन मालिका आहे तिच्या जपानी डबिंगमध्ये काम केलं, ती सुरवात.

मग १९६० मध्ये एनएचके या सरकारी धाटणीच्या चॅनलवर (आपलं दूरदर्शन समजा) तीन डुकरांच्या गोष्टीचा पुढचा भाग म्हणून मुलांचा कार्यक्रम आला, बू, फू आणि वू. ओयामाबाई थोरला बू. आणि धाकटा वू कोण माहितीये? तेत्सुको कुरोयानागी. हो, तीच आपली तोत्तोचान! घरोघरी मराठीत जिचं पुस्तक आहे, जिला पहिलीतच शाळेतून काढलं होतं ती. म्हणजे एकीला शाळेने घालवलं, दुसरीच्या आवाजाला शाळा हसली, आणि दोघी मिळून टीव्हीवर डुकरांचे आवाज काढतायत आणि अख्खा देश पोरांना घेऊन बघतोय. हे मला कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच हसत होते.

आता प्रॅक्टिकल. आवाज सारखा बसत असेल, दुखत असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरला एकदा दाखवून घ्या, ते वेगळं. नुसताच जाड असेल तर शाळेत प्रार्थना, बातम्या, सूत्रसंचालन, बालनाट्य, जे असेल ते पकडा आणि घरी रोज मोठ्याने वाचायला लावा, वर्तमानपत्र चालेल. आणि तिला कोणाच्या आवाजाची नक्कल करायला लावू नका. आणि हो, ओयामाबाईंना डोरेमॉन मिळाला तेव्हा त्या ४५ वर्षांच्या होत्या. तुमच्याकडे भरपूर वेळ आहे.

ड्रॅगन बॉल या जपानी कार्टूनमधल्या गोकूचा आवाज देणाऱ्या आजी आधी डोरेमॉन होत्या असं मित्र म्हणतो. पैज लागलीये, मिसळीची. (कॉलेजवाला, पुणे)

मिसळ मित्राला खाऊ घाल.

गोकूवाल्या आजी म्हणजे मासाको नोझावा, जन्म १९३६. १९७३ मध्ये निप्पॉन टीव्ही या दुसऱ्या चॅनलवर डोरेमॉनची पहिली मालिका आली होती, एप्रिल ते सप्टेंबर एवढीच चालली आणि मग विस्मरणात गेली. त्यात आधी कोसेई तोमिता या पुरुष नटाचा आवाज होता, म्हणजे डोरेमॉन जरा काकांसारखा, आणि मध्येच बदलून नोझावाबाई आल्या. सहा वर्षांनी टीव्ही असाही चॅनलने नव्याने मालिका काढली तेव्हा ओयामाबाई. नोझावाबाई तोवर भुताखेतांच्या कार्टूनमधला कितारो झालेल्या, १९७८ ला रेल्वेने आकाशगंगेत फिरणारा तेत्सुरो झालेल्या, आणि १९८६ ला गोकू. गोकूच नाही, त्याची दोन्ही पोरं गोहान आणि गोतेन, तेही त्याच. एकाच सीनमध्ये बाप आणि पोरं बोलत असली तरी त्या वेगवेगळं रेकॉर्ड करत नाहीत, सलग एकामागून एक बोलत जातात. त्यांच्यावर एकदा वेगळं लिहीन, आज नको, नाहीतर ओयामाबाई बाजूला राहतील.

मुलांचे आवाज बायकाच का काढतात जपानमध्ये? मुलं नाहीत का तिकडे? (एक आजोबा, मडगाव)

आजोबा, तुम्ही बालगंधर्वांच्या काळातल्या गोष्टी ऐकत मोठे झालेले, तुम्हाला हा प्रश्न पडावा?! आपल्याकडे पुरुष शालू नेसून यायचे आणि बायका त्यांच्यासारखं नटायला शिकायच्या, तिकडे माईकसमोर उलटं झालं एवढंच.

पण कारणं अगदी व्यवहाराची आहेत. सुरवातीच्या काळात डबिंगसुद्धा लाईव्ह असायचं, पडद्यावर परदेशी सिनेमा चालू आणि इकडे नट त्याच वेळी बोलतायत, चुकलं तर चुकलं, सगळ्या देशाने ऐकलं. त्यात लहान पोराला कसं उभं करणार? शिवाय लहान मुलांना रात्री उशिरा कामाला लावायला कायद्याने बंदी. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला की त्याचा आवाज फुटतो. आता डोरेमॉन ज्या पोराला सांभाळतो तो नोबिता पन्नास वर्षं चौथी-पाचवीतच आहे, तो काही मोठा होत नाही, मग त्याला आवाज देणारा दर तीन वर्षांनी बदलायचा का? बाईचा आवाज टिकतो. नोबिताला ओयामाबाईंच्या बरोबरीने सव्वीस वर्षं आवाज दिला तो नोरिको ओहारा यांनी, त्याही बाईच. (त्यासुद्धा २०२४ च्या जुलैत गेल्या. ते वर्षच वाईट होतं.)

ओयामाबाईंनी तर डोरेमॉनच्या आधी पोरांचीच रांग लावली होती. 'हसल पंच' कार्टूनमधला पंच, मग मारामाऱ्या करणारा कुनिमात्सू, १९६९ मध्ये साझाए-सान सुरू झालं, जे आजही दर रविवारी चालू आहे, त्यातला खोडकर कात्सुओ पहिल्यांदा त्यांनीच केला. १९७७ ला एका रोबोटच्या मालिकेत काप्पेई नावाचा नायक केला, ती मालिका इतकी दुःखी आहे की शेवटाला पोरं रडली असणार. म्हणजे नुसता गोंडस आवाजच येत होता असं समजू नका.

माफ करा पण यात एवढं काय आहे? मुळात आवाज तसा होता म्हणून काम मिळालं. नशीब. आमच्याकडे पण एक काकू आहेत अशा आवाजाच्या. (स्पष्टवक्ता, डोंबिवली)

काकूंना नमस्कार सांगा.

नशीब आहेच, नाही कुठे म्हणते. पण ऐका. ओयामाबाईंना भूमिका मिळाली तेव्हा त्यांनी कॉमिक्स वाचली आणि त्यांना प्रश्न पडला की हा कोण? भविष्यातून आलेला, पोराला सांभाळायला पाठवलेला रोबोट. म्हणजे पोराला वळण लावणारा. मग हा शिव्या देणार नाही, वाकडं बोलणार नाही, कोणाच्या घरात शिरला तर आधी नमस्कार करणार. आणि त्यांनी स्क्रिप्टमध्ये नव्हतं ते स्वतःहून घातलं, "नमस्कार, मी डोरेमॉन आहे" असं अगदी नीट, शेवटी आदराचं 'देसु' लावून. जपानमध्ये आज कोणालाही डोरेमॉनची नक्कल करायला सांगा, तो हेच वाक्य म्हणतो. आणि हे वाक्य एका नटीने माईकसमोर उभं राहून सुचवलेलं आहे! दांडगट जियान ज्या कार्यक्रमात रोज कोणाला तरी बुकलून काढतो तिथे भाषेचा बांध बाईंनी घातला. रोज संध्याकाळी सात वाजायला दहा मिनिटं असताना लागायचा तो, दहाच मिनिटांचा, सोमवार ते शनिवार, घराघरात जेवायच्या वेळेला. त्या वेळेला पोरांच्या कानावर काय पडतंय याचा विचार एखादीने करावा, याला मी तरी नशीब म्हणणार नाही.

आणखी एक. जपानीत 'मी' ला बरेच शब्द आहेत. जियान स्वतःला 'ओरे' म्हणतो, तो रांगडा, छाती काढून बोलणारा मी. डोरेमॉन म्हणतो 'बोकू', तो मऊ, घरातल्या शहाण्या मुलाचा मी. आपल्याकडे मी एकच, पण क्रियापदात पकडले जातो, जातो की जाते. तिकडे उलटं, क्रियापदाला लिंग नाही आणि सगळा स्वभाव त्या एका 'मी' मध्ये. पन्नाशीला टेकलेली घोगऱ्या आवाजाची बाई 'बोकू' म्हणते आणि तुम्हाला निळं मांजर दिसतं, बाई दिसत नाही. हे काकूंना जमतंय का बघा, मी टाळ्या वाजवायला येते.

मूळ लेखक फुजिको एफ. फुजिओ यांना आवाज कसा वाटला म्हणून बाई धास्तावलेल्या होत्या. त्यांनीच सांगितलेला किस्सा आहे, ते म्हणाले, अच्छा, डोरेमॉनचा आवाज असा होता होय! म्हणजे ज्याने दहा वर्षं त्याला हाताने काढलं त्यालाच आवाज पहिल्यांदा कळला. याच्यावर आणखी काय सर्टिफिकेट पाहिजे.

मी निशी-कासाईला राहतो, टोकियोत. ऑफिसमधले चाळिशीचे जपानी लोक म्हणतात की खरा डोरेमॉन ओयामांचाच, आत्ताचा नाही. माझा मुलगा मात्र आत्ताचाच बघतो. त्यांना काढलं का होतं? (आयटीवाला)

काढलं म्हणू नका. २००१ मध्ये त्यांना आतड्याचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, तरी परत येऊन त्या बोलत राहिल्या. पण तेव्हापासून पुढचा विचार सुरू झाला. शेवटी २००५ च्या मार्चमध्ये ओयामाबाई, नोबिताच्या ओहारा, शिझुकाच्या मिचिको नोमुरा, जियानचे काझुया तातेकाबे आणि सुनिओचे कानेता किमोत्सुकी असे पाचही जण एकदम उठले. बाई तेव्हा ७१ वर्षांच्या. मला विचाराल तर हे योग्य झालं. एकेक करून आवाज बदलत गेले असते तर पोरांना दर दोन वर्षांनी घरात कोणीतरी परकं आल्यासारखं वाटलं असतं. त्यापेक्षा सगळी पंगत एकदम उठली, ताटं उचलली, नवीन पंगत बसली.

१५ एप्रिल २००५ पासून वासाबी मिझुता. त्यांना सुरवातीला लोकांनी काय बोल लावले असतील याची कल्पना करा, सासरी पहिल्या दिवशी सासूच्या हातच्या आमटीची आठवण काढतात तसं. आणि आज त्यांनाही वीस वर्षं होऊन गेली. तुमचा मुलगा चाळिशीचा होईल तेव्हा तो ऑफिसात सांगेल, खरा डोरेमॉन मिझुतांचाच. लिहून ठेवा.

पैसे किती मिळतात? (अनेक वाचक, नेहमीप्रमाणे)

वाटतं त्यापेक्षा कमी. तिकडे नटांच्या युनियनने रँक ठरवलेत, नवख्याला अर्ध्या तासाच्या एका एपिसोडला साधारण १५,००० येन, म्हणजे आपले आठ-नऊ हजार, आणि त्यात तुमचं एक वाक्य असो की शंभर, रक्कम तीच. मागे १९७३ मध्ये आवाजवाल्यांनी संप केला, रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे दर वाढले. म्हणून बरेच जण जोडीला दुसरं काहीतरी करतात. ओयामाबाईंनी काय केलं तर स्वयंपाकाची पुस्तकं लिहिली! १९८१ चं त्यांचं एक पुस्तक दारूबरोबर काय खायचं यावर आहे, चखण्याचं म्हणा ना, ते धो धो खपलं. पोरांचा लाडका डोरेमॉन रात्री चखण्याच्या रेसिपी लिहितोय.

सोडल्यावर त्या काय करत होत्या? (एक गृहिणी, सांगली)

ध्वनिकलेचं शिक्षण देणाऱ्या एका संस्थेच्या त्या प्रमुख होत्या. व्हिडिओ गेमचा भयंकर नाद, अर्कानॉइड म्हणून विटा फोडायचा गेम आहे त्यात त्या पट्टीच्या होत्या.

आणि २०१० मध्ये त्यांनी एक भन्नाट गोष्ट केली. दांगानरोन्पा नावाच्या गेममध्ये मोनोकुमा म्हणून एक अस्वल आहे, अर्धं पांढरं अर्धं काळं, ते शाळेतल्या मुलांना कोंडून एकमेकांचा खून करायला लावतं. त्याचा आवाज ओयामाबाईंचा. तोच, डोरेमॉनवाला! ज्या आवाजाने एका पिढीला "नमस्कार" करायला शिकवलं तोच आवाज हसत हसत मुलांना मारायला सांगतोय. माझ्या भाच्याने ऐकवलं तेव्हा अंगावर काटा आला. ७७ वर्षांच्या बाईला आपल्या आवाजाचं लोकांच्या मनात काय आहे हे पक्कं ठाऊक होतं आणि तिने ते वापरलं. स्पष्टवक्ते, वाचताय ना?

नंतरचं मात्र ऐकायला जड आहे. २०१२ मध्ये त्यांना डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. नवरा केइसुके सागावा, तेही नट, टीव्हीवर लहान मुलांना व्यायाम शिकवणारे पहिले दादा म्हणून प्रसिद्ध. १९६४ चं लग्न. त्यांनी तीन वर्षं कोणाला न सांगता एकट्याने सांभाळलं आणि २०१५ मध्ये रेडिओवर जाहीर सांगितलं. लोकांना धक्का बसला पण कितीतरी घरांतून पत्रं आली की आमच्याकडेही हेच आहे. २०१७ ला सागावाच आधी गेले. मोनोकुमाचं काम पुढे ताराको या दुसऱ्या नामवंत आवाजाच्या बाईंकडे गेलं, त्याही २०२४ च्या मार्चमध्ये गेल्या, ओयामाबाई २९ सप्टेंबरला. बातमी बाहेर आली ११ ऑक्टोबरला, घरच्यांनी सगळं शांतपणे उरकल्यावर.

त्यांचा आवाज ऐकायचा तर कुठून सुरू करू? (परत तीच नाशिकची आई, व्हॉट्सॅपवर)

१९८० चा पहिला सिनेमा, नोबिता आणि डायनासोरचा. जपानीत बघा, खाली सबटायटल. नोबिताला अंडं सापडतं, तो पिल्लू वाढवतो आणि मग सोडायची वेळ येते. लेकीला सांगा, चित्राकडे बघू नकोस, पहिल्यांदा डोळे मिटून ऐक. पोटावरच्या खिशातून वस्तू बाहेर काढताना डोरेमॉन तिचं नाव कसं लांबवून म्हणतो ते ऐक, ताकेकोप्तााा... आणि मग रागावतो तेव्हा तोच आवाज कुठून येतो ते ऐक. वहीत लिही. मग मला कळव.

ताई तुम्हाला येतो का काढायला तो आवाज? (कॉलेजवाला, पुणे, मिसळ खाऊ घालून आल्यावर)

काल दुपारी दार लावून प्रयत्न केला. शेजारच्या काकूंनी येऊन विचारलं, सर्दी झालीये का, काढा देऊ का.